जुन्या टीव्ही बॉक्सवर लिनक्स डेस्कटॉप: आधी चिप ओळखा, कार्डावरूनच चालवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेला अँड्रॉइड टीव्ही बॉक्स पडून आहे. खोक्यावर अ‍ॅमलॉजिक एस९०५एक्स, २ जीबी रॅम, १६ जीबी स्टोरेज असं छापलंय. नवा टीव्ही स्मार्ट असल्यामुळे बॉक्सचं काम संपलं. आता वडिलांना मराठीत लिहिण्यासाठी, मेल पाहण्यासाठी आणि पीडीएफ वाचण्यासाठी याचा छोटा संगणक करायचाय. पेन ड्राइव्हवर उबंटूची (लिनक्सच्या एका प्रकाराची) आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची तयार फाइल, टाकून पाहिली, बॉक्सने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. विंडोज जमेल का, की दुसरं काही करावं लागेल?

विंडोज विसरा. लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचा डेस्कटॉप चालेल, आणि तुम्ही सांगितलेल्या कामांपुरता नीट चालेल. मी अशा बॉक्सवर बरीच वर्षं काम करतोय. माझा आग्रह एकच आहे: संपूर्ण सिस्टिम मेमरी कार्डावरून चालवा आणि बॉक्सच्या आतल्या मेमरीला हात लावू नका. इंटरनेटवरची बहुतेक मार्गदर्शनं शेवटच्या पायरीला ‘आता हे आत इन्स्टॉल करा’ असं सांगतात. बॉक्स कायमचे गप्प होतात ते तिथेच. कारण पुढे सांगतो.

तुमची आयएसओ चालली नाही याला दोन कारणं आहेत. पहिलं सरळ आहे. ती इंटेल-एएमडी प्रोसेसरसाठी बनवलेली होती आणि तुमच्या बॉक्समध्ये एआरएमचे कॉर्टेक्स-ए५३ जातीचे चार कोअर आहेत. त्या फाइलमधली एकही सूचना त्यांना समजत नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. पीसीमध्ये यूईएफआय किंवा जुना बायोस हा यंत्र चालू होताच धावणारा प्रोग्रॅम असतो. कुठलं हार्डवेअर कुठे जोडलंय याची यादी तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातात देतो, म्हणून एकच आयएसओ हजार वेगवेगळ्या पीसींवर चालते. या बॉक्समध्ये अशी यादी देणारं कुणी नसतं. लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, ती बाहेरून, एका वेगळ्या फाइलमधून द्यावी लागते. तिला डिव्हाइस ट्री म्हणतात आणि फाइल डीटीबी या नावाने ओळखली जाते. शेजारच्या इमारतीच्या वायरिंगचा नकाशा घेऊन इलेक्ट्रिशियन तुमच्या घरात आला तर दिवे काही ठिकाणी लागतील आणि काही ठिकाणी लागणार नाहीत. चुकीच्या डीटीबीने बॉक्सचं तेच होतं: चित्र येतं पण नेटवर्क नाही, किंवा सगळं येतं पण आवाज नाही.

एक काळ असा होता की हे सोपं होतं. २००७ साली आलेल्या पहिल्या अ‍ॅपल टीव्हीत इंटेलचा १ गिगाहर्ट्झचा पेंटियम एम जातीचा प्रोसेसर होता आणि आतली सिस्टिम मॅक ओएस एक्स १०.४ वरूनच बेतलेली होती. उत्साही लोकांनी त्यावर पूर्ण मॅक डेस्कटॉप आणि लिनक्स दोन्ही चढवले. फक्त २५६ एमबी रॅम आडवी येत असे. २०१० च्या दुसऱ्या अ‍ॅपल टीव्हीपासून तिथेही एआरएम चिप आली, दारं बंद झाली आणि पुढे जवळपास सगळ्याच स्ट्रीमिंग बॉक्सचं तसं झालं.

खोक्यावर विश्वास ठेवू नका

पहिलं काम म्हणजे आत नेमकी कोणती चिप आहे ते पाहणं. बॉक्सचं नाव काय आहे याला काडीची किंमत नाही. एकाच नावाने, एकाच रंगाच्या डबीत कारखाने वेगवेगळे बोर्ड भरतात. एस९०५डब्ल्यू ही स्वस्त, १.२ गिगाहर्ट्झची चिप एस९०५एक्स म्हणून विकली जाते. २ जीबी रॅम लिहिलेल्या बॉक्समध्ये १ जीबीच निघते आणि अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये मात्र खोटा आकडा दिसेल अशी सोय केलेली असते.

बॉक्स अजून अँड्रॉइडमध्ये सुरू होत असेल तर सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ उघडून बिल्ड नंबर वाचा. अ‍ॅमलॉजिकच्या बॉक्सवर ती ओळ बहुतेक वेळा ‘पी२१२’ किंवा ‘पी२८१’ अशी सुरू होते. ही अ‍ॅमलॉजिकच्या स्वतःच्या नमुना बोर्डांची नावं आहेत. कारखाने त्याच आराखड्यावरून बोर्ड काढतात आणि नाव बदलायची तसदी घेत नाहीत. पी२१२ म्हणजे एस९०५एक्स, पी२८१ म्हणजे एस९०५डब्ल्यू. पुढे डीटीबी निवडताना हेच नाव उपयोगी पडतं, तेव्हा लिहून ठेवा.

त्याच ओळीच्या शेवटी बऱ्याचदा ‘टेस्ट-कीज’ असं लिहिलेलं दिसेल. याचा अर्थ त्या सिस्टिमवर अँड्रॉइडच्या सगळ्यांना माहीत असलेल्या चाचणीच्या किल्लीने सही केलेली आहे. ती किल्ली कुणाकडेही असू शकते. स्वस्त बॉक्सवर कारखान्यातूनच घातक सॉफ्टवेअर येतं हे आता नीट नोंदलं गेलंय. सप्टेंबर २०२४ मध्ये डॉक्टर वेब या अँटिव्हायरस कंपनीने ‘व्हॉइड’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातल्या सुमारे १३ लाख बॉक्समध्ये शिरकाव केल्याचं जाहीर केलं. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘बॅडबॉक्स २.०’ या संसर्ग झालेल्या उपकरणांच्या जाळ्याबद्दल लोकांना सावध केलं. असे संसर्ग झालेले बॉक्स मालकाला न कळता इतरांच्या संशयास्पद वाहतुकीसाठी वापरले जातात. म्हणून माझं स्पष्ट मत असं की अशा जुन्या बॉक्सवर लिनक्स चढवणं हा नुसता हौसेचा मामला नाही. ज्या यंत्रावरून वडील मेल आणि बँकेची पानं उघडणार, त्यावर कुणी बनवली हे ठाऊक नसलेली अँड्रॉइड असू नये.

अँड्रॉइड सुरूच होत नसेल तर बॉक्स उघडा. खालच्या रबरी पायांखाली स्क्रू असतात, नाहीतर कडेने प्लॅस्टिकचं पातं फिरवून झाकण निघतं. चिपवरचा हीटसिंक चिकटवलेला असतो. तो ओढून काढू नका, चिपच बोर्डावरून उचलली जाईल. हेअर ड्रायरने मिनिटभर गरम करून हळूच फिरवला तर सुटतो. पण बहुतेक वेळा त्याची गरज पडत नाही, कारण लिनक्स एकदा सुरू झालं की ते स्वतःच सांगतं. बूटच्या, म्हणजे सिस्टिम सुरू होतानाच्या, संदेशांत ‘अ‍ॅमलॉजिक मेसन जीएक्सएल’ आणि पुढे कंसात चिपचं खरं नाव अशी एक ओळ येते. ती थेट सिलिकॉनमधून वाचलेली असते, कारखान्याला तिथे हात घालता येत नाही. रॅमचंही तसंच. खरी २ जीबी असेल तर लिनक्स साधारण १.८ जीबी दाखवतं, कारण थोडी जागा चिपच्या सुरक्षित भागासाठी आणि व्हिडिओसाठी राखलेली असते. आकडा एकच्या खाली असेल तर तुम्हाला फसवलं गेलंय, आणि मग डेस्कटॉपचा विचार सोडून द्या.

आतून रॉकचिप किंवा ऑलविनर या दुसऱ्या कंपन्यांची चिप निघाली तर खाली सांगितलेल्या फाइली आणि बूटचा क्रम लागू पडणार नाही. केबल किंवा इंटरनेट कंपनीने कनेक्शनबरोबर दिलेला सेट-टॉप बॉक्स असेल तर तिथेच थांबा. तो बहुधा तुमच्या मालकीचा नसतो, आणि त्याचा बूटलोडर (चालू होताच सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) कुलूपबंद असतो. फक्त कंपनीची सही असलेलीच सिस्टिम तो सुरू करतो. टीव्हीच्या मागे लावायच्या नामांकित स्टिकचीही तीच गत आहे.

कार्ड तयार करणं

एस९०५एक्ससाठी माझी निवड आर्मबियन आहे. डेबियन किंवा उबंटूच्या पायावर एआरएम बोर्डांसाठी बांधलेली ही सिस्टिम आहे. अ‍ॅमलॉजिकच्या टीव्ही बॉक्ससाठी तिची एक वेगळी प्रतिमा (इमेज, म्हणजे कार्डावर उतरवायची तयार फाइल) मिळते. टीव्ही बॉक्सना अधिकृत आधार नाही, ते काम समाजातले लोक करतात, त्यामुळे सगळं गुळगुळीत असेल अशी अपेक्षा नको. डेस्कटॉप एक्सएफसीई हा हलका घ्या. ग्नोम किंवा केडीई या मशीनला झेपणार नाहीत.

कार्डावर कंजूषी करू नका. नाव असलेल्या कंपनीचं, ए१ खूण असलेलं ३२ जीबीचं कार्ड घ्या. संपूर्ण सिस्टिम त्यावर चालणार असल्यामुळे वेग त्याच्यावरच ठरतो, प्रोसेसरवर तितका नाही. बनावट कार्डं बाजारात खूप आहेत, तेव्हा आधी एच२टेस्टडब्ल्यूसारख्या प्रोग्रॅमने ते पूर्ण भरून तपासा. मग प्रतिमा एचर किंवा रुफसने कार्डावर उतरवा. नुसती फाइल कॉपी करून काही होत नाही.

आता दोन बारीक गोष्टी. ‘लोगोवर अडकलंय’ अशा तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा यांच्यातच सापडतं.

कार्ड पुन्हा संगणकाला लावलं की एक छोटा विभाग उघडतो. त्यात यू-बूट (लिनक्स सुरू करणारा बूटलोडर) या नावाने सुरू होणाऱ्या काही फाइली दिसतील, प्रत्येक चिपगटासाठी एक. एस९०५एक्स, एस९०५डब्ल्यू आणि एस९१२ यांच्यासाठी जिच्या नावात ‘एस९०५एक्स-एस९१२’ आहे ती घ्या आणि तिची एक प्रत त्याच जागी ‘यू-बूट डॉट ईएक्सटी’ या नावाने करा. अर्थात नावं तिथे रोमन अक्षरांत आहेत. विंडोज फाइलनावाचा शेवट लपवतं, त्यामुळे नकळत ‘ईएक्सटी डॉट बिन’ असं काहीतरी होऊन बसतं. एक्सप्लोररमध्ये फाइलनावाचा शेवट दाखवण्याचा पर्याय आधी चालू करा.

दुसरी गोष्ट डीटीबी. ‘एक्स्टलिनक्स’ फोल्डरमधली कॉन्फिग फाइल साध्या संपादकात उघडा. तीत ‘एफडीटी’ने सुरू होणारी ओळ आहे. तिथे डीटीबी फोल्डरमधल्या योग्य फाइलचा मार्ग लिहायचा. तुमच्यासाठी पहिला प्रयत्न ‘मेसन-जीएक्सएल-एस९०५एक्स-पी२१२’. बिल्ड नंबरात पी२८१ निघालं असेल तर एस९०५डब्ल्यूची पी२८१ ची फाइल, तीही नीट चालली नाही तर टीएक्स३-मिनी या बॉक्सच्या नावाची. सुरुवातीला हॅशचं चिन्ह असलेल्या ओळी यू-बूट वाचत नाही, आणि एका वेळी एकच एफडीटी ओळ उघडी ठेवायची. नाव फोल्डरमध्ये पाहून अक्षरशः तसंच लिहा.

पहिलं बूट

कार्ड लावून बॉक्स चालू केला तर अँड्रॉइडच येणार. आत बसलेल्या बूटलोडरला कार्डाकडे पाहायला एकदा सांगावं लागतं. त्यासाठी एक दडलेलं बटण असतं, बहुधा एव्ही जॅकच्या गोल भोकाच्या तळाशी. लाकडी टूथपिक आत घालून हलकेच दाबा, ‘टक्’ असं जाणवतं. बटण दाबून धरून पॉवरची पिन लावा आणि पडद्यावर लोगो येऊन एकदा जाईपर्यंत सोडू नका. धातूची पिन किंवा टाचणी वापरू नका, जॅकच्या पट्ट्या वाकतात.

बटण नसेल तर अँड्रॉइडमध्ये ‘अपडेट’ नावाचं अ‍ॅप असतं. त्यातून कार्डावरची कोणतीही झिप फाइल निवडून अपडेट सुरू केलं की बॉक्स त्याच मार्गाने जातो.

आत काय घडतं हे माहीत असेल तर अडचण कुठे आहे ते ओळखता येतं. बटण दाबल्यावर कारखान्याचा बूटलोडर कार्डावर ‘एएमएल_ऑटोस्क्रिप्ट’ ही फाइल शोधतो. ती बूटलोडरच्या सेटिंगमध्ये एवढाच बदल करते की यापुढे दर वेळी आधी कार्ड आणि यूएसबी बघ. हा बदल एकदाच होतो. पुढच्या वेळी टूथपिक लागत नाही. त्यानंतर ‘एस९०५_ऑटोस्क्रिप्ट’ आपण तयार केलेली यू-बूटची प्रत उचलते, ती एक्स्टलिनक्सची कॉन्फिग वाचते आणि कर्नल, डीटीबी वगैरे रॅममध्ये चढवते. म्हणजे अँड्रॉइड थेट सुरू होत असेल तर बटण नीट दाबलं गेलेलं नाही. लोगोवर खिळून बसत असेल तर यू-बूटची प्रत किंवा डीटीबी चुकलीय. काळा पडदा येऊन लॅन पोर्टचा दिवा लुकलुकत असेल तर लिनक्स बहुधा सुरू झालंय, फक्त चित्र येत नाही. तेव्हा एचडीएमआय केबल बदला, टीव्हीऐवजी साधा १०८० पी मॉनिटर लावून बघा.

यापलीकडे अडलं तर बोर्डावर ओळीने तीन-चार पॅड दिसतील, शेजारी टीएक्स, आरएक्स, जीएनडी असं छापलेलं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सीपी२१०२ चिपचा यूएसबी-टीटीएल अ‍ॅडॉप्टर मिळतो. ३.३ व्होल्टवर ठेवून टीएक्स-आरएक्स उलटसुलट जोडा, जीएनडी जीएनडीला, आणि वेग १,१५,२०० ठेवा. बूटलोडर पहिल्या क्षणापासून काय करतोय ते दुसऱ्या संगणकाच्या टर्मिनलवर ओळीओळीने दिसतं. अंदाजाने दहा डीटीबी बदलत बसण्यापेक्षा हे किती तरी बरं.

सगळं जुळलं की पहिल्या बूटला वेळ लागतो, कारण सिस्टिम स्वतःला कार्डभर पसरवत असते. तेवढ्यात पॉवर काढू नका. पासवर्ड विचारलाच तर रूट (सगळे अधिकार असलेल्या) वापरकर्त्यासाठी १२३४ हा आहे, आणि आत शिरताच तो बदलायला लावला जातो. मग वडिलांच्या नावाचा साधा वापरकर्ता तयार करा.

नेट, घड्याळ आणि वीज

आतलं वायफाय चालेल असं गृहीत धरू नका. स्वस्त बॉक्समध्ये अशा चिपा घालतात ज्यांचे ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये नाहीत. त्यांच्यामागे लागून शनिवार-रविवार घालवू नका. लॅनची वायर लावा. ती शक्य नसेल तर अ‍ॅथेरॉस एआर९२७१ किंवा रालिंक आरटी५३७० चिपचा यूएसबी वायफाय डोंगल घ्या, त्यांचे ड्रायव्हर कर्नलमध्ये आहेत. तात्पुरतं नेट हवं असेल तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू केलं की बहुधा लगेच मिळतं.

बॉक्सच्या आत घड्याळाची बॅटरी नसते. बंद केला की वेळ गेली. चालू झाल्यावर नेटवरून वेळ आली नाही तर तारीख मागची राहते आणि ब्राउझर प्रत्येक साइटवर ‘सुरक्षा प्रमाणपत्र वैध नाही’ असं म्हणतो. वडील हे पाहून घाबरतील. त्यांना आधीच सांगून ठेवा की असं दिसलं तर कोपऱ्यातली तारीख बघायची आणि नेटची वायर तपासायची. टाइमझोन कोलकाता निवडायला विसरू नका.

मूळ अ‍ॅडॉप्टर ५ व्होल्ट २ अँपिअरचा असतो, पण जुना झाला की भाराखाली व्होल्टेज पडतं आणि यूएसबी कीबोर्ड-माउस मधूनच गळतात. लोक सॉफ्टवेअरला दोष देतात. आधी चांगला अ‍ॅडॉप्टर लावून बघा. गावाकडे भारनियमन असेल तर लिहिणं चालू असताना वीज जाणं ही कार्डासाठी सर्वांत वाईट गोष्ट. ५ व्होल्ट देणारा, चार्ज होत असतानाही बाहेर वीज देत राहणारा छोटा यूपीएस मिळतो, तो लावा. लिबरऑफिस या लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये दर दोन मिनिटांनी आपोआप जतन करण्याचा पर्यायही चालू करा.

मराठी लिहिणं

तुमचा खरा हेतू हा आहे, आणि इथे हा बॉक्स सर्वांत चांगला चालतो. आयबस या वेगळ्या टंकन प्रोग्रॅमचं ओझं घालायची गरज नाही. एक्सएफसीईच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये ‘लेआउट’मध्ये जाऊन भारतीय भाषांखालचा मराठी लेआउट जोडा. तिथे इन्स्क्रिप्ट आहे आणि उच्चाराप्रमाणे टंकण्याचा कगप हा लेआउटही आहे. इंग्रजी-मराठी बदलण्यासाठी वडिलांना सोयीची कळ ठरवा, उजवं ऑल्ट मात्र नको, कारण काही अक्षरांसाठी तीच लागते. वडिलांनी टाइपरायटरवर मराठी शिकलेलं असेल तर इन्स्क्रिप्टची मांडणी त्यांना वेगळी वाटेल. कळांवर चिकटवायचे देवनागरी स्टिकर घ्या आणि त्यांना पंधरवडा द्या. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला आहेत. एकदा बोटं बसली की उच्चारानुसार टंकण्यापेक्षा ते वेगाने होतं, असं माझं ठाम मत आहे.

फाँटसाठी नोटो आणि लोहित हे दोन देवनागरी संच पॅकेज मॅनेजरमधून टाका. लिबरऑफिसचा मराठी भाषा संच वेगळा मिळतो, तो टाकला की मेन्यूही मराठीत येतात. वडिलांच्या जुन्या फाइली श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधल्या असतील तर त्या उघडल्यावर अर्थहीन रोमन अक्षरं दिसतील. तो बॉक्सचा किंवा लिनक्सचा दोष नाही. त्या फाइली युनिकोडमध्ये आहेतच कुठे? आधी दुसऱ्या संगणकावर त्यांचं युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या, आणि जोडाक्षरं व रफार डोळ्यांखालून घाला, रूपांतरात तिथेच चुका राहतात.

काय जमणार नाही

व्हिडिओ. यासाठीच बनवलेल्या बॉक्सवर व्हिडिओ नीट चालू नये हे विचित्र वाटतं, पण कारण आहे. एस९०५एक्समध्ये ४के व्हिडिओ उलगडणारा खास भाग आहे. त्याचे ड्रायव्हर कारखान्याच्या अँड्रॉइडमध्ये पूर्ण आहेत, मूळ लिनक्समध्ये अपुरे आहेत, आणि डेस्कटॉपवरचा ब्राउझर तर त्यांचा वापरच करत नाही. सगळा भार चार लहान कोअरवर पडतो. यूट्यूब स्वतःहून व्हीपी९ प्रकारचा व्हिडिओ पाठवतं, तो त्यांना जड जातो. ब्राउझरमध्ये एच२६४ या हलक्या प्रकाराची सक्ती करणारं एक्स्टेन्शन टाका आणि ४८० पी वर बघा, बातम्या आणि कीर्तनं ऐकण्यापुरतं जमतं. नेटफ्लिक्ससारख्या सशुल्क सेवांच्या नादी या बॉक्सवर लागू नका. त्यासाठी तुमचा स्मार्ट टीव्ही आहेच. सिनेमेच बघायचे असतील तर दुसऱ्या कार्डावर कोअरइलेकची जुनी, ९.२ मालिकेतली आवृत्ती टाका, नव्या आवृत्त्या या चिपवर चालत नाहीत. ती व्हिडिओसाठीच बांधलेली सिस्टिम आहे आणि तो खास भाग पूर्ण वापरते. कार्ड बदललं की बॉक्सचं काम बदललं.

खिडक्या सरकवणं, पान खाली-वर करणं हे माली-४५० ग्राफिक्स करते. तिचा ‘लिमा’ हा मुक्त ड्रायव्हर २०१९ मध्ये कर्नल ५.२ बरोबर आला आणि तेव्हापासून डेस्कटॉप सुसह्य झाला. तरी डेस्कटॉपचं रिझोल्यूशन १०८० पी च्या वर नेऊ नका, आणि एक्सएफसीईमधले सावल्या व पारदर्शकतेचे परिणाम बंद करा.

अपेक्षा कुठे ठेवायची ते सांगतो. २०१६ च्या रास्पबेरी पाय ३ मध्ये हेच चार ए५३ कोअर १.२ गिगाहर्ट्झवर आणि १ जीबी रॅम होती. तुमच्याकडे थोडा जास्त वेग आणि दुप्पट रॅम आहे. लिबरऑफिस उघडायला काही क्षण थांबावं लागेल, उघडल्यावर लिहिताना अडखळणार नाही. फायरफॉक्समध्ये दोन-तीन टॅब ठीक, दहा उघडले की बॉक्स गुदमरतो. आर्मबियन रॅममध्येच दाबून भरलेला स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची जादा जागा) ठेवतं, तो चालू राहू द्या, आणि कार्डावर वेगळी स्वॅप फाइल करू नका. कार्ड त्याने लवकर झिजतं आणि वेगही मिळत नाही. मेलसाठी ब्राउझरऐवजी क्लॉज मेलसारखा हलका प्रोग्रॅम दिला तर रॅम बरीच वाचते.

आतल्या मेमरीला हात का लावायचा नाही

कार्डावर सगळं छान चालू लागलं की मोह होतो. आतली मेमरी, म्हणजे ईएमएमसी, वेगवान असते, आणि आर्मबियनमध्ये आत उतरवणारी स्क्रिप्टही सापडते. थांबा. त्या मेमरीच्या अगदी सुरुवातीला कारखान्याचा बूटलोडर बसलेला असतो, आणि त्यात तुमच्या बोर्डावर बसवलेल्या रॅम चिपांना जागं करणारा तुकडा असतो. प्रत्येक बोर्डाच्या रॅमनुसार त्याचे आकडे वेगळे. तो पुसला गेला तर रॅमच सुरू होत नाही, आणि दुसऱ्या बॉक्सचा तुकडा चालेलच असं नाही. चांगल्या स्क्रिप्ट सुरुवातीची जागा मोकळी सोडतात. पण एखाद्याने आतल्या मेमरीवर कार्डासारखीच प्रतिमा सरळ उतरवली की काम तमाम.

पुढे कधी ठरवलंच, तर आधी पूर्ण ईएमएमसीची प्रत यूएसबी डिस्कवर घ्या. लिनक्समध्ये आतली मेमरी कोणती आणि कार्ड कोणतं हे फक्त आकड्यावरून ठरवू नका, तो आकडा कर्नलनुसार बदलतो. ज्या उपकरणाच्या नावाखाली ‘बूट०’ आणि ‘बूट१’ असे दोन छोटे भाग दिसतात तीच ईएमएमसी. कार्डाला ते कधीच नसतात.

बूटलोडर उडालेल्या अ‍ॅमलॉजिक बॉक्सला वाचवायचा रस्ता आहे. चिपच्या आत कायमचा कोरलेला एक छोटा प्रोग्रॅम असतो. ईएमएमसीत काही सापडलं नाही की तो यूएसबीवर वाट बघतो. विंडोज संगणकावर अ‍ॅमलॉजिकचं बर्निंग टूल, दोन्ही टोकांना मोठी यूएसबी पिन असलेली केबल आणि नेमक्या त्याच बोर्डाची कारखान्याची प्रतिमा लागते. शेवटची गोष्ट स्वस्त बॉक्ससाठी क्वचितच मिळते, म्हणून स्वतः घेतलेली प्रत महत्त्वाची.

आणखी एक काम राहिलं. सगळं मनासारखं चालू लागल्यावर आर्मबियनच्या कॉन्फिग प्रोग्रॅममध्ये जाऊन कर्नलचे अपडेट गोठवा. ब्राउझर, लिबरऑफिस आणि सुरक्षेचे बाकी अपडेट नेहमीसारखे येत राहतात. कर्नल बदलला की डीटीबीही बदलते, आणि टीव्ही बॉक्सवर कोणी आधी तपासून ती पाठवत नाही. मग एक दिवस वडील बॉक्स चालू करतात आणि पडदा काळा. कर्नल नवा घ्यायचाच असेल तर कार्डाची पूर्ण प्रत दुसऱ्या कार्डावर करून ठेवा आणि त्या प्रतीवरच अपडेट करून बघा. ती नीट सुरू झाली, नेट आणि आवाज आला, मराठी लेआउट जागेवर राहिला, की मगच वडिलांचं कार्ड बदला.